डीएनएमधली बेस गळालेली जागा: रचना, तुटणे आणि हाताळणी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात बायोकेमिस्ट्री किंवा बायोटेक शिकणारी पुष्कळ मुले घरी मराठी, वर्गात इंग्रजी आणि टपरीवर गुजराती बोलतात. डीएनए दुरुस्तीच्या धड्यात ‘एपी साइट’, म्हणजे बेस (अडेनिन, ग्वानिन, सायटोसिन, थायमिन यांपैकी एक) गळालेली जागा, दोन ओळींत उरकली जाते, आणि पुढे प्रकल्पाच्या वेळी तीच जेलवर महिनोन् महिने छळते. ही पाने त्या मुलांसाठी आहेत. साखरेच्या कार्बनचे क्रमांक लिहिताना ‘प्राइम’ गाळला आहे; धाग्याच्या बाजू आणि टोके सांगताना मात्र ठेवला आहे. सी१ म्हणजे साखरेचा पहिला कार्बन, जिथे बेस जोडलेला असतो.

एपी साइट म्हणजे नेमके काय? धाग्यात पडलेले भोक का?

भोक नव्हे. धागा अखंड असतो. साखर जागेवर असते, दोन्ही बाजूंचे फॉस्फेटही असतात. फक्त सी१ वरचा बेस निघून गेलेला असतो आणि त्याच्या जागी हायड्रॉक्सिल आलेला असतो. ‘निक’ म्हणजे साखर-फॉस्फेटच्या कण्यात पडलेली चीर. ‘गॅप’ म्हणजे अख्खे न्यूक्लिओटाइडच गायब. एपी साइटमध्ये यातले काहीच झालेले नसते, पण दोन्ही होण्याची पूर्ण तयारी झालेली असते.

अडेनिन किंवा ग्वानिन (प्युरिन) गेले तर अप्युरिनिक, सायटोसिन किंवा थायमिन (पिरिमिडिन) गेले तर अपिरिमिडिनिक. दोन्हींची आद्याक्षरे एकच, म्हणून एपी. बेस गेल्यावर उरणारी साखर दोन्हीकडे सारखीच असते. नुसत्या साखरेकडे पाहून तिथे आधी कोण बसले होते ते कळत नाही, समोरच्या धाग्यावरूनच कळते.

मराठीत याला काय म्हणावे?

मराठी परिभाषेत बेसला ‘आम्लारी’ म्हणतात, पण ‘आम्लारीरहित स्थान’ म्हटले की समोरचा पुन्हा विचारतोच. इथे सरळ ‘एपी जागा’ म्हटले आहे.

त्या उरलेल्या साखरेची रचना कशी असते?

सगळ्याचे मूळ या प्रश्नात आहे, म्हणून इथे जरा थांबू.

बेस जोडलेला असतो तेव्हा सी१ वर एका बाजूला वलयातला ऑक्सिजन आणि दुसऱ्या बाजूला बेसचा नायट्रोजन असतो. हे वलय सहजासहजी उघडत नाही. बेस जाऊन तिथे हायड्रॉक्सिल आला की सी१ हा हेमिअसीटल होतो, आणि हेमिअसीटल म्हणजे मिटून बसलेला अल्डिहाइड. वलयातला ऑक्सिजन सी१ ला सोडतो, सी४ वर हायड्रॉक्सिल होऊन राहतो, आणि सी१ वर उघडा अल्डिहाइड दिसू लागतो. थोड्या वेळाने वलय पुन्हा मिटते. मिटताना हायड्रॉक्सिल वलयाच्या वर राहील की खाली, हे ठरलेले नसते. म्हणून अल्फा आणि बीटा असे दोन्ही प्रकार मिश्रणात मोठ्या प्रमाणात सापडतात. उघडे रूप, म्हणजे खरा अल्डिहाइड, सुमारे १ टक्काच असतो.

हा १ टक्का ऐकून विद्यार्थी त्याला क्षुल्लक समजतात आणि तिथेच फसतात. नवरात्रात गरब्याच्या रिंगणात शंभर जण फिरत असतील आणि कोणत्याही क्षणी एकच जण बाहेर येऊन पाणी पीत असेल, तरी रात्रभरात प्रत्येक जण एकदा तरी बाहेर येऊन जातो. एपी जागांचेही तसेच. उघडे रूप क्षणाला थोडे, पण पाळी सगळ्यांची येते. उघड्या रूपाला कुणी पकडले किंवा मोडले, की समतोल टिकवायला मिटलेल्यांतून नवे उघडत राहते. म्हणून पुरेसा वेळ दिला तर शंभर टक्के जागा अभिक्रिया करतात.

अजून एक बारकावा. बाटलीतली मोकळी डीऑक्सिरायबोज पाण्यात बहुतांश सहा अणूंच्या वलयात असते. डीएनएमध्ये ते शक्य नाही. सहाचे वलय करायला सी५ चा हायड्रॉक्सिल मोकळा लागतो आणि तो तर फॉस्फेटला बांधलेला आहे. म्हणून एपी जागा पाचाच्या वलयातच अडकते. मोकळ्या साखरेचे आकडे एपी जागेला लावू नयेत, त्याचे हे कारण.

बेस आपोआप कसा गळतो?

प्युरिनच्या एन७ वर प्रोटॉन बसतो, बेस धन भाराचा होतो आणि सी१ शी असलेला बंध सैल पडतो. बेस निघून गेला की सी१ वर क्षणभर धन भार उरतो. वलयातला ऑक्सिजन तो वाटून घेतो, याला ऑक्सोकार्बेनियम म्हणतात. मग पाण्याचा रेणू येऊन सी१ ला जोडला जातो. एन७ वर मिथाइल गट चिकटला तरी असेच होते, म्हणूनच अल्किल गट चिकटवणारी रसायने एपी जागा वाढवतात. पिरिमिडिन गळण्याचा वेग प्युरिनच्या साधारण विसाव्या भागाइतका असतो.

आरएनएमध्ये हे फार हळू चालते. सी२ वरचा हायड्रॉक्सिल इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, त्यामुळे सी१ वरचा धन भार टिकत नाही. आरएनए नाजूक आणि डीएनए दणकट हे तुम्ही पाठ केले असेल. कण्यापुरते ते खरे, पण बेस धरून ठेवण्यात आरएनए वरचढ आहे.

पेशीत अशा किती जागा होतात?

टोमास लिंडाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये मोजलेला वेग ३७ °से आणि पीएच ७.४ ला, दुहेरी डीएनएसाठी, दर प्युरिनमागे सेकंदाला सुमारे ३ × १०⁻¹¹ आहे. माणसाच्या पेशीत ६ × १०⁹ बेसजोड्या, प्रत्येक जोडीत एक प्युरिन. गुणाकार करा: सेकंदाला ०.१८, दिवसाला पंधरा हजारांच्या आसपास. पाठ्यपुस्तकातला ‘रोज दहा हजार’ हा आकडा याच घरातला. एकेरी धाग्यात वेग सुमारे चौपट असतो. याच लिंडाल यांना पॉल मॉड्रिच आणि अझीझ संकार यांच्यासह २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

शिवाय पेशी स्वतःही अशा जागा करते. चुकीचा बेस सापडला की ग्लायकोसिलेज एन्झाइमे तो खुडून काढतात: युरॅसिलसाठी यूएनजी, ऑक्सिडीकृत ग्वानिनसाठी ओजीजी१. म्हणजे एपी जागा ही इजाही आहे आणि दुरुस्तीचा पहिला टप्पाही.

मग धागा तुटतो तो कसा?

उघड्या अल्डिहाइडमुळे शेजारच्या सी२ वरचा हायड्रोजन आम्लधर्मी होतो. कुठलाही अल्कली किंवा अमाइन तो ओढून घेतो आणि सी३ वरचा फॉस्फेट सुटतो. याला बीटा-एलिमिनेशन म्हणतात. धागा साखरेच्या ३ प्राइम बाजूला तुटतो. एका तुकड्याच्या टोकाला दुहेरी बंध असलेला अल्डिहाइड लटकत राहतो, दुसऱ्याच्या टोकाला साधा ५ प्राइम फॉस्फेट मिळतो. अभिक्रिया पुढे रेटली तर सी५ वरचा फॉस्फेटही सुटतो. हे डेल्टा-एलिमिनेशन. त्यात साखर पूर्णच निघून जाते आणि दोन्ही टोकांना फॉस्फेट उरतात.

५ प्राइम टोकाला रंग लावलेला असेल तर जेलवर डेल्टाचा तुकडा बीटाच्या तुकड्यापुढे धावतो. एका बँडच्या जागी जवळजवळ दोन बँड दिसले तर एन्झाइम खराब आहे असे लगेच ठरवू नका. बहुधा अभिक्रिया अर्ध्यावर थांबली आहे. गरम पायपेरिडीन, १ मोलार, ९० °से, ३० मिनिटे, हे काम शेवटपर्यंत नेते.

उदासीन पीएच आणि ३७ °से ला एपी जागेचे अर्धायुष्य साधारण २०० तास. अमाइन असतील तर ते पुष्कळ घटते. न्यूक्लिओसोममध्ये, म्हणजे डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो तिथे, हिस्टोनच्या लायसिनमुळे (तेही अमाइनच) धागा कैक पटींनी लवकर तुटतो.

पेशीतली दुरुस्तीही अशीच कापते का?

नाही, आणि परीक्षेत इथे गुण जातात. माणसातले एपीई१ हे एन्झाइम साखरेच्या ५ प्राइम बाजूला पाणी घालून कापते, त्याला मॅग्नेशियम लागते. मागे स्वच्छ ३ प्राइम हायड्रॉक्सिल राहतो, ज्यावर पॉलिमरेज (डीएनएची नक्कल करणारे एन्झाइम) लगेच काम सुरू करू शकते. पुढच्या तुकड्याला साखर लटकलेली असते. ती पॉलिमरेज बीटा काढते, आपल्या ७२ क्रमांकाच्या लायसिनने अल्डिहाइडला धरून. मग एक न्यूक्लिओटाइड भरला जातो आणि लायगेज शिवण घालते. बीटा-एलिमिनेशनने उरलेले अल्डिहाइडचे टोक मात्र आधी साफ करावे लागते, त्यावर पॉलिमरेजला पुढे जाता येत नाही.

दुरुस्ती झाली नाही तर?

पॉलिमरेजसमोर वाचायला अक्षरच नसते. ई. कोलायमध्ये अशा वेळी बहुधा अडेनिन बसवला जातो. यीस्टमध्ये रेव१ नावाचे एन्झाइम सायटोसिन घालते. पीसीआरमध्ये टॅक पॉलिमरेज बहुतेक वेळा तिथेच अडते. जुन्या, खराब नमुन्यांतून लांब तुकडा येत नाही पण शंभर-दीडशे बेसचा येतो, त्यामागे हे एक कारण असते. पॅथॉलॉजीच्या मेणाच्या ब्लॉकमधून डीएनए काढणाऱ्यांनी आधी विचारावे की फॉर्मालिन बफर केलेले होते का. बफर नसलेले फॉर्मालिन साठवणीत आम्लधर्मी होत जाते आणि प्युरिन गळतात.

अल्डिहाइड इतर अमाइनांनाही पकडतो. समोरच्या धाग्यातल्या अडेनिनच्या अमाइनशी जोडला गेला तर दोन्ही धागे एकमेकांना शिवले जातात. एकेरी धाग्यातल्या एपी जागेला एचएमसीईएस नावाचे प्रथिन आपल्या टोकाच्या सिस्टीनने कायमचे धरून झाकते. ई. कोलायमधला त्याचा भाऊबंद म्हणजे YedK हे प्रथिन.

प्रयोगासाठी एपी ऑलिगो कसा बनवायचा?

एपी जागा असलेला ऑलिगो (कृत्रिमरीत्या बनवलेला डीएनएचा छोटा एकेरी धागा) विकत मागवू नका. मधोमध एक डीऑक्सियुरिडीन असलेला २५ ते ३० बेसचा ऑलिगो मागवा आणि यूडीजीने (वर यूएनजी म्हटले तेच एन्झाइम) युरॅसिल काढा. युरॅसिल टोकाला ठेवू नका, विशेषतः ३ प्राइम टोकाला. शेवटच्या दोन जागांवरचा युरॅसिल हे एन्झाइम काढत नाही. या एन्झाइमवर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत उमेश वार्ष्णेय यांच्या गटाने दीर्घकाळ काम केले आहे. प्रकल्पाला संदर्भ हवे असतील तर तिथून सुरुवात करावी.

५० मायक्रोलिटरची अभिक्रिया: १०० मायक्रोमोलार ऑलिगो ५ मायक्रोलिटर, दहापट बफर ५, यूडीजी १० युनिट, बाकी पाणी. ३७ °से, ३० मिनिटे. ऑलिगो एकूण ५०० पिकोमोल होतो. एक युनिट मिनिटाला ६० पिकोमोल युरॅसिल काढते असे धरले तर एन्झाइम गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे. पण युनिटची व्याख्या कंपनीगणिक बदलते, तेव्हा लेबल वाचा. यूडीजीला मॅग्नेशियम लागत नाही, म्हणून बफरमध्ये ईडीटीए (मॅग्नेशियम धरून ठेवणारे रसायन) असला तरी चालते, उलट बरेच. डीएनए कापणारी भटकी एन्झाइमे त्याने गप्प बसतात.

मग एन्झाइम काढायचे. इथे हमखास चूक होते: ‘९५ °से, १० मिनिटे, एन्झाइम बंद’. ई. कोलायचे यूडीजी त्या उष्णतेनेही पूर्ण मरत नाही, आणि तुमच्या एपी जागा मात्र मोडतात. फिनॉल-क्लोरोफॉर्मने किंवा छोट्या स्पिन कॉलमने काढा. नंतर ऑलिगो बर्फावर ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी वापरा.

झाले की नाही हे कसे तपासायचे?

थोडा नमुना दोन ट्यूबमध्ये घ्या. एकीत सोडियम हायड्रॉक्साइड अंतिम ०.१ मोलार होईल इतके घालून ७० °से ला १५ मिनिटे ठेवा, मग तेवढ्याच हायड्रोक्लोरिक आम्लाने उदासीन करा. दुसरीत काही करू नका. शेजारी मूळ युरॅसिलचा ऑलिगोही तसाच अल्कली देऊन चालवा. २० टक्के पॉलिअक्रिलामाइड, ७ मोलार युरिया. अल्कलीच्या लेनमध्ये पूर्ण लांबीचा बँड जवळजवळ नाहीसा व्हायला हवा, आणि मूळ ऑलिगो अल्कली देऊनही अखंड राहायला हवा.

अल्कली न दिलेल्या लेनमध्येही तुटलेला बँड दिसतो, ही सर्वात जास्त येणारी तक्रार. दहापैकी नऊ वेळा नमुना फॉर्मामाइड डायमध्ये ९५ °से ला उकळलेला असतो. सवयीने हात तसाच जातो. उकळू नका, एकेरी ऑलिगोला त्याची गरज नाही. दुहेरी असेल आणि गरम करणे टळत नसेल तर आधी सोडियम बोरोहायड्राइडने अल्डिहाइडचे अल्कोहोल करून घ्या. अल्डिहाइडच उरला नाही की एलिमिनेशन होत नाही. बोरोहायड्राइड दर वेळी ताजे विरघळवा, अंतिम सुमारे १०० मिलिमोलार. हायड्रोजन सुटतो, म्हणून ट्यूबचे झाकण घट्ट लावू नका, आणि आम्ल घालायचे तर थेंबाथेंबाने.

मास स्पेक्ट्रोमेट्रीची सोय असेल तर हिशोब सोपा आहे. युरॅसिल गेला (११२.१), पाणी आले (१८.०), म्हणजे ९४.१ डाल्टनची घट. अडेनिन गळला तर ११७.१ आणि ग्वानिन गळला तर १३३.१.

टीएचएफ अॅनालॉग वापरला तर एवढी काळजी घ्यावी लागेल का?

नाही. टीएचएफ म्हणजे टेट्राहायड्रोफ्युरान, एपी जागेची टिकाऊ नक्कल. त्यात सी१ वर हायड्रॉक्सिलच नसतो, त्यामुळे वलय उघडत नाही, अल्डिहाइड होत नाही, अल्कलीने धागा तुटत नाही. महिनोन् महिने टिकतो. एपीई१ त्यालाही कापते, म्हणून त्या एन्झाइमच्या अभ्यासाला उत्तम. पण अल्डिहाइड धरून काम करणाऱ्या लायेज एन्झाइमांचा प्रयोग यावर केला तर उत्तर कायम ‘काही होत नाही’ असेच येईल. अशी कोरी जेले पाहून एन्झाइम निकामी ठरवले जाते. दोष सबस्ट्रेटच्या निवडीचा असतो.

ऑक्सिडीकृत एपी जागा वेगळ्या असतात का?

हो. किरणोत्सर्ग किंवा ब्लिओमायसिनसारखी औषधे साखरेचाच हायड्रोजन काढतात. सी१ वर घाव बसला तर लॅक्टोन बनतो, सी४ वर बसला तर तिथे कार्बोनिल येतो. लॅक्टोन घातक, कारण पॉलिमरेज बीटा त्याला धरायला जाते आणि स्वतःच चिकटून बसते.

अख्ख्या जीनोममधल्या एपी जागा मोजायच्या आहेत. किटचा आकडा खरा मानावा का?

सांभाळून. किटमधल्या एआरपीमध्ये (अल्डिहाइडला पकडणारे रसायन) बायोटिनला जोडलेला अमिनोऑक्सी गट असतो, तो अल्डिहाइडशी ऑक्झाइम बंध करतो. पण त्याला एपी जागा आणि इतर कुठलाही अल्डिहाइड यांतला फरक कळत नाही. शिवाय डीएनए काढताना ६५ °से चे टप्पे किंवा आम्लधर्मी बफर असेल तर नव्या जागा तुम्हीच तयार करता. वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे अनेक पटींनी वेगळे येतात ते यामुळेच. एकाच दिवशी, एकाच हाताने काढलेल्या नमुन्यांची आपसांत तुलना करा. दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी करू नका.

मे महिन्यात कुरिअरने ऑलिगो येतो. बाहेर ४३ °से. खराब झाला असेल का?

आला तो युरॅसिलचा किंवा साधा ऑलिगो असेल तर निश्चिंत राहा. ३७ वरून ४३ ला गेल्यावर गळण्याचा वेग साधारण अडीच पट होतो. एकेरी वीस बेसच्या प्रायमरमध्ये दहा प्युरिन धरले, आणि तो पूर्ण आठवडा विरघळलेल्या अवस्थेत पीएच ७.४ ला त्या उकाड्यात राहिला, तरी हजारातल्या दोन रेणूंचा एखादा बेस गळेल. वाळवलेली पूड तर आणखी सुरक्षित. दहा किलोबेसच्या प्लाझ्मिडला मात्र तोच आठवडा महागात पडतो: दर दोन रेणूंमागे जवळजवळ एक एपी जागा.

विरघळवायला नुसते डिस्टिल्ड पाणी नको. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ते पीएच ५.५ पर्यंत उतरते. साध्या प्रायमरला टीई (ट्रिस-ईडीटीए बफर), पीएच ८. तयार एपी ऑलिगोला मात्र ट्रिस टाळा, कारण ट्रिस हे स्वतः अमाइन आहे. त्याला हेपिस किंवा फॉस्फेट, पीएच ६.५ ते ७.

सदर्न ब्लॉटमध्ये जेल आम्लात का बुडवतात?

सदर्न ब्लॉट म्हणजे जेलवरचा डीएनए मेंब्रेनवर उतरवून ओळखणे. त्याआधी जेल आम्लात बुडवतात ते मुद्दाम प्युरिन गाळायला. ०.२५ मोलार हायड्रोक्लोरिक आम्लात १० ते १५ मिनिटे, मग अल्कलीत. एपी जागांवर धागा तुटतो आणि मोठे तुकडे लहान होऊन मेंब्रेनवर सहज उतरतात. आम्लात जास्त वेळ राहिले तर तुकडे इतके बारीक होतात की मेंब्रेनवर नीट धरत नाहीत आणि सिग्नल फिका पडतो.

रात्री वीज गेली, उणे २० चा फ्रीजर बंद पडला, एपी ऑलिगो वितळला. फेकून द्यावा का?

लगेच नको. समजा ट्यूब दहा तास थेट ३७ °से ला होती, जी खरे तर नव्हती. अर्धायुष्य २०० तास धरले तर तीन-साडेतीन टक्के जागा तुटल्या असतील. बफरमध्ये ट्रिस किंवा स्पर्मिन (तेही अमाइनच) असेल तर हा हिशोब लागू नाही. जेलवर अल्कली न देता एक लेन चालवा. तुटलेला बँड पाच टक्क्यांच्या आत असेल तर वापरा, आणि पुढच्या वेळी एका ट्यूबऐवजी पाच-पाच मायक्रोलिटरच्या वाटण्या करून ठेवा.